चौकातल्या शेडचं काय करायचं? पॅरिसच्या मारे वस्तीचं प्रकरण

समोर एक चौक आहे. तीन बाजूंना सतराव्या शतकातली दगडी इमारत, उंच खिडक्या, वर कोरीवकाम. चौथ्या बाजूला रस्त्यावर उघडणारा, घोडागाडी आत येईल एवढा दरवाजा. आणि मधोमध, जिथे मोकळी फरसबंदी असायला हवी तिथे, काच आणि पत्र्याची शेड. शेडमध्ये कुणी ब्राँझच्या मुठी ओततो, कुणी बटणं करतो, कुणी चामड्याच्या पिशव्या शिवतो. वरच्या दालनांत मधेच पोटमाळे टाकून एकाच्या दोन खोल्या केलेल्या. पाण्याचा नळ जिन्यात, संडास सामाईक. 1960 च्या सुमाराला पॅरिसच्या मारे भागात असे चौक गल्लोगल्ली होते.

शेड पाडायची की ठेवायची, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न. फ्रेंच राज्यसंस्थेनं 1960 च्या दशकात उत्तर दिलं की पाडा. जवळपास पन्नास वर्षांनी, 2013 साली, सुधारित आराखड्यानं म्हटलं की थांबा, आधी नीट बघू. दोन्ही वेळा हेतू एकच होता, मारेचं मारेपण जपायचं. ते मारेपण नेमकं कोणत्या शतकातलं, यावर मात्र एकमत नव्हतं.

दलदल, दरबार, दिंडी दरवाजे

'मारे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ पाणथळ जमीन. सीन नदीच्या उजव्या काठावरची ही ओल मध्ययुगात मठांनी आणि टेम्पलर या लढवय्या धर्मसंघानं हळूहळू लागवडीखाली आणली. भाजीमळा करणाऱ्याला फ्रेंचमध्ये आजही 'मारेशे' म्हणतात, ते याच मुळापासून. मराठी कानाला मात्र 'मारे' म्हटलं की 'मारे ऐटीत' आठवतं, आणि सतराव्या शतकापुरतं ते अगदी लागू पडतं.

या ऐटीची सुरुवात एका अपघातानं झाली. 1559 च्या जूनअखेरीला राजा दुसरा हेन्री इथल्या सें-आंत्वान रस्त्यावर घोड्यावरून भाल्यांची झुंज खेळत होता. समोरच्याचा भाला मोडला, त्याची ढलपी राजाच्या डोळ्यात घुसली आणि दहा दिवसांनी तो गेला. त्याची राणी कातरीन द मेदिसी हिनं शेजारचा राजवाडा सोडला आणि पुढे तो पाडायला लावला. मोकळ्या जागेवर घोड्यांचा बाजार भरू लागला. 1605 साली चौथ्या हेन्रीनं त्याच जागी एक चौरस चौक आखायला घेतला. बाजू सुमारे 140 मीटरची, भोवती 36 घरं, तळाशी कमानींची सलग पडवी. भूखंड दिले ते एका अटीवर: दर्शनी भाग ठरलेल्या नमुन्याप्रमाणेच बांधायचा. त्याच्या मागे मालकानं काय करावं ही ज्याची त्याची मर्जी. लाल वीट आणि पांढरा दगड अशी ती ठेवण होती. काही घरमालकांनी विटांचा खर्च वाचवून गिलाव्यावर नुसत्या विटा रंगवून घेतल्या. नियम पाळल्यासारखं दाखवायची कला तेव्हाही अवगत होती.

1610 मध्ये हेन्रीचा खून झाला. त्यामुळे 1612 साली चौकाचं थाटामाटात उद्घाटन झालं तेव्हा तो हयात नव्हता. या चौकाचं नाव 'प्लास रुआयाल', म्हणजे राजचौक. 1800 साली ते बदलून 'प्लास दे व्होज' झालं, कारण व्होज हा जिल्हा कर भरण्यात पहिला आला होता. करभरणा केला म्हणून राजधानीतला सगळ्यात देखणा चौक नावावर होणं, हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आलं असेल.

चौकाभोवती उमरावांनी घरं बांधली. फ्रेंचमध्ये त्यांना 'ओतेल' म्हणतात, आणि त्याचा आजच्या हॉटेलाशी काही संबंध नाही. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द वाडा. रस्त्याकडे उंच भिंत आणि भक्कम दरवाजा, आत चौक, चौकापलीकडे मुख्य इमारत, तिच्या मागे बाग. रस्त्यावरून जाणाऱ्याला वैभव दिसत नाही, त्याचा फक्त अंदाज येतो. मारेची ओढ मला वाटतं बरीचशी यातच आहे. इथे फिरताना सगळा वेळ दारांच्या फटीतून आत डोकावण्यात जातो. कार्नाव्हाले हा 1548 मध्ये सुरू झालेला वाडा, स्युली हा 1620 च्या दशकातला, 'सालें' हा मिठावरचा कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याचा. लोकांनी त्याचं नाव 'खारट वाडा' पाडलं, आणि आज त्यात पिकासोचं संग्रहालय आहे. मादाम द सेव्हिन्ये हिची पत्रं फ्रेंच साहित्यात मोठी मानली जातात. ती 1626 मध्ये याच राजचौकात जन्मली आणि शेवटची सुमारे वीस वर्षं कार्नाव्हालेत राहिली.

दुर्लक्षाचा फायदा

1682 मध्ये दरबार व्हर्सायला गेला. उमराव हळूहळू शहराच्या पश्चिमेला सरकले, तिकडे नवी घरं, मोठ्या बागा. क्रांतीनंतर उरलेसुरले मालक गेले. वाडे सरकारजमा झाले, विकले गेले, भाड्यानं लागले. सुबीझ वाड्यात 1808 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागार आलं. सालें वाड्यात 1829 पासून पन्नासेक वर्षं अभियांत्रिकीचं महाविद्यालय चाललं. सीनकाठचा सांस वाडा पंधराव्या शतकाच्या अखेरीस धर्माधिकाऱ्यासाठी बांधलेला, त्यात कधी धुलाईचं काम चाललं तर कधी मुरांब्यांचा कारखाना. 1830 च्या जुलैतल्या उठावात उडालेला तोफेचा गोळा त्याच्या भिंतीत अजून रुतून आहे.

याच काळात चौकांत शेडा उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस छोट्या, नाजूक, हातानं केलेल्या वस्तूंसाठी जगभर ओळखलं जायचं: पंखे, बटणं, खोटे दागिने, खेळणी, ब्राँझच्या शोभेच्या वस्तू. त्यांचं मोठं केंद्र मारे होतं. मालक, कारागीर, उमेदवार आणि त्यांची बिऱ्हाडं एकाच दरवाजातून ये-जा करत. गिऱ्हाइकाला एका चौकात ओतकाम, शेजारच्या चौकात मुलामा आणि पलीकडे पेटी करून मिळायची. वाड्यांची रचना उमरावांसाठी होती, पण ती या धंद्यांना इतकी सोयीची ठरली की जणू त्यांच्यासाठीच केली होती.

1853 नंतर शहराचा प्रशासक ओसमाननं पॅरिस फोडून रुंद रस्ते काढले तेव्हा मारेच्या कडा कापल्या गेल्या, गाभा बराचसा वाचला. वाड्यांची किंमत कळली म्हणून तो वाचला असं नाही. तिथपर्यंत कुदळ पोचलीच नाही. 1866 मध्ये शहरानं कार्नाव्हाले विकत घेऊन त्यात पॅरिसच्या इतिहासाचं संग्रहालय करायचं ठरवलं. म्हणजे एकीकडे जुनं पॅरिस पाडायचं आणि दुसरीकडे त्याच्या आठवणी ठेवायला एक जुना वाडा घ्यायचा.

1880 च्या दशकापासून पूर्व युरोपातून छळाला आणि गरिबीला कंटाळून आलेले ज्यू इथे उतरू लागले. रोझिए रस्त्याभोवतीच्या भागाला ते यिडिशमध्ये 'प्लेत्सल', म्हणजे छोटा चौक म्हणत. शिंपी, टोप्या करणारे, बेकरीवाले. पाव्हे रस्त्यावरचं त्यांचं प्रार्थनागृह मेट्रोची प्रसिद्ध प्रवेशद्वारं करणाऱ्या एक्तोर गिमारनं रचलं. 1942 च्या 16 आणि 17 जुलैला फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि परिसरातून सुमारे 13,000 ज्यूंना पकडलं, आणि त्यात या गल्ल्यांमधली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. वस्तीच्या दक्षिण टोकाला असलेल्या स्मारकाच्या भिंतीवर फ्रान्समधून छळछावण्यांत पाठवलेल्यांची नावं कोरलेली आहेत. जुन्या वस्तीच्या 'मोहक'पणाबद्दल लिहिताना त्या भिंतीपाशी शब्द अडखळतात, आणि अडखळावेतच.

क्षयाचे ठिपके

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिस महापालिकेनं क्षयरोगाच्या मृत्यूंवरून शहरातले 17 गट 'अनारोग्यकारक' ठरवले. सोळावा गट मारेच्या दक्षिणेला, सें-जेर्व्हे चर्चजवळ. उपाय म्हणजे सरळ पाडणं. 1925 मध्ये वास्तुविशारद ल कोर्ब्युझिएनं तर उजव्या काठाचा मोठा भाग पुसून तिथे 18 प्रचंड मनोरे उभारायची कल्पना मांडली. पुरस्कर्ती मोटारी आणि विमानं बनवणारी व्हुआझँ कंपनी, म्हणून योजनेचं नावही तेच. ती कागदावरच राहिली. सोळाव्या गटाचं तसं झालं नाही. जर्मन ताब्याच्या काळात तिथल्या रहिवाशांना घरं सोडायला लावली गेली आणि पाडापाडी सुरू झाली.

पण तिथेच वेगळा विचारही पुढे आला. कामावर नेमलेल्या वास्तुविशारदांत अल्बेर लाप्राद होता. सगळं पाडण्यापेक्षा दर्शनी इमारती ठेवाव्यात आणि चौकांत नंतर भरलेलं बांधकाम तेवढं काढून हवा-उजेड आत आणावा, अशी ही पद्धत. तिला नाव पडलं 'क्युरताझ'. शब्द शस्त्रक्रियेतला. आपल्याकडे स्त्रियांच्या दवाखान्यात 'क्युरेटिंग' म्हणतात तोच. आतून खरवडून साफ करायचं.

शब्द कुठून उचलला यावरून दृष्टी कळते. ज्याला खरवडायचं ते शरीराचा भाग नव्हे, ती वाढ, तो रोग. चौकातल्या शेडकडे त्या दिवसापासून याच नजरेनं बघितलं जाऊ लागलं.

1962 चा कायदा

फ्रान्समध्ये 1913 पासून एकेका स्मारकाला कायद्याचं संरक्षण होतं. 1943 मध्ये स्मारकाभोवतीच्या 500 मीटरच्या परिघातल्या बांधकामांवर नियंत्रण आलं. पण सगळी वस्तीच जपायची, त्यातल्या साध्या घरांसकट, ही कल्पना कायद्यात आली ती 4 ऑगस्ट 1962 ला. सांस्कृतिक खात्याचे मंत्री होते आंद्रे मालरो, म्हणून कायदा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. 'संरक्षित क्षेत्र' जाहीर करायचं, त्याचा तपशीलवार आराखडा करायचा, घरागणिक काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवायचं. मारेचं क्षेत्र 126 हेक्टरचं. त्याच वर्षी वाड्यांच्या चौकांत नाटकं आणि मैफली भरवणारा मारे महोत्सव सुरू झाला. तोवर पाठ फिरवलेले पॅरिसकर त्या निमित्तानं पहिल्यांदा आत शिरले. माझ्या मते कायद्याइतकंच काम या महोत्सवानं केलं. लोकांनी बघितलंच नसतं तर वाचवायचं काय हे कुणाला पटलं असतं?

आता या प्रकरणाचा कळीचा भाग. घरागणिक निर्णय करायचा तर मापदंड हवा. आराखडा करणाऱ्यांनी ज्याचा आधार घेतला तो 1739 चा तुर्गो नकाशा, पॅरिसचं पक्ष्याच्या नजरेतून काढलेलं वीस पानी चित्र, ज्यात घरन्घर, बागन्बाग दिसते. नकाशा अप्रतिम आहे, तासन्तास बघत बसावा असा. पण तो मापदंड झाला की त्यानंतरचं सगळं आपोआप 'भर' ठरतं. नकाशात बाग आहे, जागेवर कारखाना आहे, तर कारखाना काढा. दोनशे वर्षांचा संसार एका फटक्यात अतिक्रमण झाला.

त्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं, हे इथेच नोंदवतो. शेडा ठेवा असं सांगणं आज सोपं आहे. शेडमागच्या अंधाऱ्या खोलीत राहून जिन्यातल्या नळावरून पाणी भरणाऱ्या बाईला तेव्हा विचारलं असतं, तर तिनं बहुधा शेड पाडा असंच म्हटलं असतं. क्षय खरा होता. छपरं गळत होती, तुळया कुजल्या होत्या. काहीच केलं नसतं तर चौकही गेले असते आणि शेडाही.

काय झालं

वाडे उभे राहिले, हे निर्विवाद. काजळलेल्या भिंती धुतल्या गेल्या आणि पॅरिसचा दगड मधाच्या रंगाचा आहे हे लोकांना नव्यानं कळलं. स्युली वाड्यात राष्ट्रीय स्मारकांचं कार्यालय आलं, लामुआन्यों वाड्यात शहराच्या इतिहासाचं ग्रंथालय, सांस वाड्यात कला आणि हस्तव्यवसायांचं ग्रंथालय. मुरांबा करणाऱ्या वाड्यात आता कारागिरीवरची पुस्तकं. 1985 मध्ये पिकासो संग्रहालय उघडलं.

कारागीर गेले. सगळेच आराखड्यामुळे गेले असं म्हणणं अन्यायाचं होईल, प्लास्टिकची बटणं आणि स्वस्त आयात यांनीही त्यांचा धंदा खाल्ला. पण चौक मोकळा झाला की कारखान्याला जागा उरत नव्हती, आणि दुरुस्त झालेल्या घराचं भाडं जुन्या भाडेकरूला झेपत नव्हतं. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात संरक्षित क्षेत्रात दुरुस्ती करणाऱ्या मालकांना करसवलत मिळू लागली. मग पैसेवाल्यांना जुन्या घराची गोडी लागली.

आकडा एकच देतो, कारण तो बोलका आहे. मारे ज्यात मोडतं त्या तिसऱ्या आणि चौथ्या विभागाची मिळून लोकसंख्या 1962 मध्ये सुमारे 1,24,000 होती, 1999 मध्ये सुमारे 65,000. या विभागांत मारेबाहेरचाही भाग येतो आणि दाटीवाटी कमी व्हायलाच हवी होती, हे मान्य. पण याच काळात सगळ्या पॅरिसची लोकसंख्या पावभर घटली, इथली जवळजवळ निम्मी.

गंमत अशी, की वस्ती काही मोकळी राहिली नाही. दुरुस्ती आणि महागाई सगळीकडे एकदम पोचत नाही. मधल्या काळात स्वस्त, रिकामे गाळे असतात, आणि शहरात ज्यांना दुसरीकडे सहज जागा मिळत नाही ते अशा गाळ्यांत शिरतात. 1978 मध्ये प्लात्र रस्त्यावर 'ल व्हिलाज' हा समलिंगी पुरुषांचा बार उघडला. त्याआधी असे अड्डे ऑपेराच्या बाजूला होते, महागडे आणि बंद दारांआडचे. मारेतला बार त्यामानानं स्वस्त आणि उघड. पाठोपाठ पुस्तकांची दुकानं, कॅफे आले आणि दहा-बारा वर्षांत हा भाग त्या समाजाची राजधानी झाला. उत्तरेकडे तांप्ल रस्त्याच्या आसपास चीनच्या वन्चौमधून आलेल्या कुटुंबांची चामड्याच्या वस्तूंची ठोक दुकानं. त्यांतले पहिले लोक पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे. मालरोच्या आराखड्यात यांपैकी कुणाचाच विचार नव्हता. आज मारेचं वर्णन करायला बसलं की वाड्यांच्या बरोबरीनं यांचीच नावं निघतात.

मग यांनाही तीच भाडी गाठायला लागली. रोझिए रस्त्यावर फलाफलच्या रांगा टिकून आहेत, शेजारच्या खाटकाची, पुस्तकवाल्याची दुकानं मात्र कपड्यांची झाली. पर्यटकांना आठवड्यावर दिली जाणारी घरं वाढली. राहत्या घरासाठी वर्षाला आधी 120 दिवसांची आणि 2025 पासून 90 दिवसांची मर्यादा आली, आणि शहरानं नोंदणी सक्तीची केली. पण चावी द्यायला-घ्यायला येणारा शेजारी हा शेजारी नसतो.

दुसरं उत्तर

मूळ आराखडा अंतिम मंजुरीपर्यंत पोचायला 1996 उजाडलं. तोवर त्यामागची दृष्टी जुनी झाली होती, म्हणून पुढच्या दशकात त्याची उजळणी हाती घेतली गेली. 2013 च्या सुधारित आराखड्यात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातलं बांधकामही मोलाचं धरलं गेलं. कारखान्याचा लोखंडी सांगाडा, काचेचं छप्पर, चौकातली शेड. 1739 हे साल मोजपट्टीवरून उतरलं.

या बदलाआधीचा एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. उत्तर मारेत 'कारो द्यु तांप्ल' नावाची 1863 ची लोखंड आणि काचेची बाजारपेठ आहे, जुन्या कपड्यांच्या व्यापाराची. निम्मी 1905 मध्येच पाडली गेली. उरलेली 1970 च्या दशकात पाडायचं ठरत होतं, तेव्हा रहिवासी आडवे आले आणि ती वाचली. 2004 मध्ये तिचं काय करायचं हे ठरवायला तिसऱ्या विभागातल्या रहिवाशांचं मत घेतलं गेलं. व्यायाम, नाटक, जत्रा-प्रदर्शनं असा मिश्र वापर ठरला आणि 2014 मध्ये ती उघडली. इथे कुणी नकाशा पुढे करून अमुक साल खरं असं म्हटलं नाही. ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांना विचारलं. मारेच्या सगळ्या कहाणीत हे इतकं उशिरा आणि इतक्या थोड्या वेळा घडलं, हीच माझी या प्रकरणाबद्दलची मुख्य तक्रार आहे. उमराव, आरोग्यखातं, मंत्री, वास्तुविशारद, सगळ्यांनी वस्ती कोणाची हे ठरवलं. भाडेकरूला कुणी विचारलं नाही.

आता फ्रां-बुर्जुआ रस्ता. नाव चौदाव्या शतकातल्या धर्मशाळेवरून आलेलं. तिथले रहिवासी इतके गरीब की त्यांना कर माफ, म्हणून 'मुक्त नागरिक'. आज त्या रस्त्यावर एकापुढे एक फॅशनची दुकानं आहेत. तिथेच 39 क्रमांकाला एकोणिसाव्या शतकातला एक कारखाना उभा आहे. आसपासचे सोनार आपल्या दुकानातला केर, चिंध्या, घासकामाची धूळ इथे आणून द्यायचे, आणि ते सगळं जाळून, राखेतून सोनं-चांदी वेगळी काढली जायची. आपल्याकडे झारेकरी करायचे तेच काम, यंत्रांनी. शंभर चौकांतल्या शेडांचा केर इथे यायचा, म्हणजे शेडा गेल्यावर याचंही कारण संपलं.

इमारत मात्र पडली नाही. 2014 मध्ये तिथे एका जपानी कंपनीचं कपड्यांचं दुकान आलं. विटांचं उंच धुराडं तसंच ठेवलंय, कपड्यांच्या मांडण्यांमधून ते वर काचेच्या छपराकडे जातं. रस्त्याकडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत अजून जुनंच नाव आहे: 'सोसिएते दे सांद्र', राखेची कंपनी.